सर्व्हर मंदावला आणि नोटीस निघाली रोशनीला

सर्व्हर मंदावला की आमच्याकडे आधी माणूस शोधतात, मग कारण. माझी एकतीस वर्षं कॉम्प्युटरच्या नोकरीत गेली, रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण ही रीत बदललेली काही मी पाहिली नाही. घरचा मिक्सर घरघरायला लागला तर आपण आधी झाकण उघडून आत काय अडकलं ते पाहतो. ऑफिसात मात्र मशीन अडलं की पहिला प्रश्न हिंदीत येतो, "किसने किया?" काय झालं, ते कोणालाच ऐकायचं नसतं.

संपादकांनी फोनवर सांगितलं, "मेश्राम मॅडम, नोकरीतले गमतीचे किस्से लिहा." आहेत ना, गमतीचेही आहेत. एका कारखान्यात आमच्या सर्व्हरचा प्लग काढून तिथं कूलर लावला होता आणि वर मलाच फोन, "मॅडम, आपका सॉफ्टवेअर गर्मी में नहीं चलता." एका खाणीवरचे बाबू रोज मशीन बंद करण्याआधी त्याला हात जोडायचे, आणि खोटं कशाला सांगू, त्यांचं मशीन कधी बिघडलं नाही. पण लिहायला बसले आणि रोशनीची नोटीसच डोळ्यांपुढे आली. म्हणून तेच लिहिते. माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं ऑफिस हिंदी मुलखातल्या रिसालीत, पोलादाच्या कारखान्याजवळ, एका दुमजली इमारतीत. काम वजनकाट्यांच्या सॉफ्टवेअरचं. रिकामा ट्रक काट्यावर चढतो, भरून आला की पुन्हा चढतो, मधला फरक म्हणजे माल. जामुल, अहिवारा, तिकडे पार रायपूरपर्यंत आमचं सॉफ्टवेअर चालायचं. प्रोग्राम लिहिणारे बावीस जण, आणि सर्व्हर सांभाळणारी मी एकटी. चाळीस जणांच्या ऑफिसात घरी मराठी बोलणारे आम्ही तिघंच होतो. मी, मॅनेजर वैद्य साहेब आणि नव्यानं आलेली रोशनी रामटेके. वैद्य साहेबांचे वडील त्या पोलाद कारखान्यात ऑफिसर, माझे बाबा त्याच कारखान्यात रोलिंग मिलला मजूर. आता मी त्यांच्यापेक्षा वयानं पंधरा वर्षं मोठी, तरी साहेब तेच आणि मॅडम मी. चालायचंच.

बाहेरच्या माणसाला आमचं काम कळावं म्हणून थोडं सांगते. समजा, एकच वही बावीस जणांना एकाच वेळी लिहायची आहे. कोणी पाचव्या पानावर खोडतो, कोणी दहाव्यावर भर घालतो. मग त्या वहीला एक पहारेकरी लागतो. तो प्रत्येकाची दुरुस्ती जमा करून घेतो, कोणी कोणती ओळ कधी बदलली ते कायमचं लिहून ठेवतो, आणि सकाळी प्रत्येकाला ताजी प्रत देतो. चूक झाली तर कालची, परवाची, चार वर्षांपूर्वीची वही जशीच्या तशी काढून देतो. या पहारेकऱ्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात आणि त्या सगळ्या वह्यांच्या साठ्याला आम्ही म्हणायचो रेपो. रेपो ठीक चालला तर कोणाला त्याची आठवणही येत नाही. अडला की बावीस जण हातावर हात धरून बसतात.

त्या उन्हाळ्यात तो अडायला लागला. सकाळी ताजी प्रत घ्यायला अर्धं मिनिट लागायचं, तिथं पाच मिनिटं लागायला लागली, मग दहा, मग पंचवीस. पोरं प्रत मागायची आणि चहाला निघून जायची. मी दोनदा सर्व्हर बंद करून चालू केला. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. एका खाणीवर काट्याच्या प्रोग्रामची दुरुस्ती वेळेवर पोचली नाही, तिथून ओरड आली, आणि डायरेक्टर साहेबांनी वैद्य साहेबांना बोलावून घेतलं.

वैद्य साहेबांनी काय केलं? रेपोतून आकडे काढले आणि एक रंगीत ग्राफ बनवला. कोणाच्या नावानं किती वजनाचा माल रेपोत जातो, त्याचा. एकवीस जणांच्या काड्या बोटभर, आणि एक काडी छताला टेकलेली. ती रोशनीची. ती आली त्या महिन्यापासून मंदपणा सुरू, तिचीच काडी सगळ्यांत उंच. झालं, गुन्हेगार सापडला! मंगळवारी तिच्या हातात नोटीस. कामातल्या निष्काळजीपणामुळे कंपनीच्या कामात अडथळा आला आहे, शुक्रवारी समितीपुढे खुलासा द्यावा, नाहीतर प्रोबेशन तिथंच संपेल. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. चोर कोण ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. डबा हातात होता, उघडलेला नव्हता. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून ती हळू म्हणाली, "जय भीम, मॅडम."

"जय भीम. काय झालं गं?"

तिनं कागद पुढे केला. "मॅडम, मी काहीच नाही केलं. जे सांगतलं थेच करून राहिली. रोज. फिर मेरे नाम से कैसे?"

"तू काय करतं, हे कोणी विचारलं का तुले?"

"नाही. ग्राफ दाखवला फक्त. म्हणे, देखो."

"घरी सांगतलं?"

ती मान हलवून नाही म्हणाली. घर अहिवाऱ्याचं, वडील चुनखडीच्या खाणीत मशीनवर. "बाबाले सांगतलं तं म्हनतीन, वापस ये. आनि हा कागद घेऊन मी जाऊ कुठं? 'लापरवाह' लिहून दिल्यावर कोन ठेवते कामावर?"

बरोबरच होतं तिचं. आमच्या धंद्यात नोकरी गेली तर दुसरी मिळते, पण 'हिनं सर्व्हर बसवला' असं कागदावर आलं की पोरीला कोणी दारात उभं करत नाही. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी तशीच वैद्य साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, ग्राफ तुम्ही बनवला. त्या काडीच्या आत काय आहे ते पाहिलं का?"

"मॅडम, डेटा आहे तो. डेटा खोटं बोलत नाही."

"डेटा खोटंही बोलत नाही आणि खरंही बोलत नाही. त्याला विचारावं लागतं. सर्व्हर माझ्याकडे आहे, मला न विचारता नोटीस निघालीच कशी?"

"तुम्ही दोन महिने शोधताच आहात ना?" ते हसून म्हणाले. "आणि ही गावाकडची पोरं, हिंदी मीडियम, कॉलेजही कुठलं तरी. त्यांना या गोष्टींची सवय नसते. तुम्ही मनावर घेऊ नका."

मनावर घेऊ नका! ज्यांच्या वडिलांनी कारखान्याच्या शाळेत घातलं त्यांना सवय असते आणि खाणीवरच्या मजुराच्या पोरीला नसते, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? पण दोन महिने मला कारण सापडलं नव्हतं, हेही खरं. तो टोमणा मला झोंबला तो त्यामुळेच. शुक्रवारपर्यंत शोधीन, असं सांगून मी बाहेर आले.

बुधवारी मी सकाळपासून वही घेऊन बसले. मंदपणा शोधायची माझी एकच पद्धत. कोण निर्दोष आहे ते आधी सिद्ध करायचं. एक मोठी फाईल सर्व्हरवरून माझ्या मशीनवर ओढली. झरझर आली. म्हणजे वायर आणि स्विच सुटले. सर्व्हरच्या डिस्कवर लिहून पाहिलं, वाचून पाहिलं. डिस्क सुटली. मग त्याच सर्व्हरवरचे दुसरे दोन छोटे रेपो मागवले. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच आले. म्हणजे सर्व्हर धडधाकट होता, दुखणं त्या एका मोठ्या रेपोच्या पोटातच होतं.

मग सर्व्हरपुढे खुर्ची टाकली आणि एका पोराला ताजी प्रत मागायला सांगितलं. पाहते तर काय, सर्व्हरची मेमरी चढत चढत गळ्याशी आली. रेपो मधूनमधून आपला साठा आवरतो. सारख्या सारख्या प्रती एकमेकींना लावून पाहतो, फक्त फरक ठेवतो, त्यामुळे साठा लहान राहतो. इथं तो आवरायला बसायचा, मेमरी संपायची, काम अर्धवट टाकून उठायचा, आणि पुढची दुरुस्ती आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. दिवसभर हेच. आवरून काही होत नव्हतं आणि आवरण्यात बाकीचे खोळंबत होते. एवढं काय भरलंय आत, म्हणून साठ्यातल्या सगळ्यांत जड वस्तूंची यादी काढली.

पहिली वस्तू, रजिस्टर. दुसरी, रजिस्टर. तिसरी, चौथी, पाचवी, रजिस्टर. मी खाली सरकवत गेले, शे-दोनशे ओळी. एकच नाव.

आता हे रजिस्टर काय ते सांगते, आणि सांगताना माझीच मान खाली जाते. बाबा मिलमध्ये होते तेव्हा मशीन उघडायचं तर आधी परवानगीची चिठ्ठी लागायची, तिच्यावर सह्या लागायच्या. "सही नाही तं हात नाही," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. पुढे आमच्या ऑफिसात एकदा कोणीतरी फोनवरच्या तोंडी हुकुमावरून काट्याची दुरुस्ती पाठवली. खाणीवर भरलेले ट्रक रिकामे दिसायला लागले, गाड्यांची रांग उन्हात उभी, ड्रायव्हर शिव्या देतात, आणि इथं प्रत्येक जण म्हणतो मी नाही सांगितलं. तेव्हा मी नियम काढला. दुरुस्ती करायची तर रजिस्टरमध्ये लिहायचं, सांगणाऱ्याची सही घ्यायची, आणि संध्याकाळी रजिस्टर स्कॅन करून रेपोत टाकायचं, म्हणजे दुरुस्ती आणि सही जन्मभर एका जागी. त्यातही मी कडक. सुटं पान चालणार नाही. कारखान्याच्या लॉगबुकाचं पान कोणी फाडतं का? वर्षाच्या पहिल्या पानापासून आजच्या पानापर्यंत पूर्ण रजिस्टर, रोज. आणि हे काम ऑफिसात जो सगळ्यांत नवा असेल त्याचं.

कळलं ना आता? मार्चमध्ये साठ पानं, एप्रिलमध्ये नव्वद, आणि रोज ती सगळी पानं नव्यानं. अक्षरं असती तर रेपोनं फरक काढून ठेवला असता. पण स्कॅन म्हणजे फोटो. कालचा फोटो आणि आजचा फोटो त्याच्या लेखी दोन परक्या वस्तू, दोन्ही पूर्ण जपायच्या. इतकी वर्षं खपून गेलं, कारण जुना स्कॅनर काळा-पांढरा, किरकोळ होता. या वर्षी वैद्य साहेबांनी नवा आणला, रंगीत, भारीतला. त्यानं एकेका पानाचं वजन वाढवून ठेवलं. आणि तो स्कॅनर आला त्याच महिन्यात सगळ्यांत नवी म्हणून रोशनी आली. छताला टेकलेली काडी ती हीच. नियम माझा, स्कॅनर त्यांचा, आणि नाव पोरीचं! आपलेच दात आपलेच ओठ, पण इथं ओठ तिसरीचेच फुटत होते.

गुरुवारी मी सगळ्यांचं चालू काम जमा करून घेतलं. जुना रेपो जसाच्या तसा वेगळ्या डिस्कवर जपून ठेवला. मग स्कॅन वगळून त्याची नवी प्रत बांधली, दुरुस्त्यांचा इतिहास पूर्ण ठेवून. रजिस्टरची पानं वेगळ्या फोल्डरमध्ये, दिवसाचं एकच पान, काळं-पांढरं. चार वाजता सगळ्यांना नव्यानं प्रत घ्यायला लावली. एकानं टेबलावर थाप मारली, "अरे, आ गया!" बाकीचे हसायला लागले. रोशनी कोपऱ्यात आपल्या स्क्रीनकडे पाहत बसली होती. तिला हसू आलं नाही, आणि का यावं?

शुक्रवारी समिती. डायरेक्टर साहेब, वैद्य साहेब, मी, आणि समोर खुर्चीच्या कडेला टेकलेली रोशनी. मी सगळं सांगितलं. नियम माझा होता हेही सांगितलं, त्यात काही लपवलं नाही. यादीचा कागद टेबलावर ठेवला. डायरेक्टर साहेबांनी तो पुढे ओढून वाचला. मग वैद्य साहेब घसा खाकरून हिंदीत म्हणाले, ठीक आहे, सर्व्हर चालू झाला, चांगलं झालं, आता प्रकरण वाढवू नये. नोटीस मागे घेऊ आणि तिला लेखी समज देऊन सोडू.

"समज? कशाची समज?" मी मराठीतच बोलले, माझ्या तोंडून हिंदी निघेचना. "सांगितलेलं काम तिनं एक दिवस न चुकवता केलं, याची?"

"मॅडम, फाईलमध्ये काहीतरी जायला पाहिजे ना. नोटीस काढली होती, ती उगाच काढली असं दिसेल."

"उगाचच काढली होती! समजच द्यायची तर मला द्या. लेखी. मेश्राम बाईंनी चुकीचा नियम केला आणि इतकी वर्षं तपासला नाही, असं लिहा. मी सही करते."

ते गडबडले. "काहीतरीच काय, मॅडम. तुमचं एक वर्ष राहिलंय. तुमची काही इज्जत आहे."

"आणि हिची नाही?"

माझा आवाज चढला होता, बाहेर ऐकू गेला असणार. जाऊ दे गेला तर. डायरेक्टर साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, नोटीस रद्द, तसं पत्र आजच द्या, कन्फर्मेशनही आजच. समज कोणालाच नाही. मला नाही आणि वैद्य साहेबांच्या स्कॅनरलाही नाही. पत्र आलं, दोन ओळींचं. 'नोटीस मागे घेण्यात येत आहे.' चूक झाली, असा शब्द त्यात नव्हता. माफीचा तर नव्हताच. सर्व्हरला कसं आठ दिवस सगळे विचारत होते, आज कसा आहे, बरा आहे का. तेवढं पोरीला कोणी विचारलं नाही.

मी मात्र त्या संध्याकाळी फुशारले होते, कबूल करते. एका पोरीची नोकरी वाचवली, साहेबाच्या तोंडावर बोलले. जिन्यात रोशनी भेटली. पत्र पर्समध्ये ठेवत होती.

"झालं ना आता? घरी जा, बाबाले सांग."

"हाव, मॅडम." ती उतरता उतरता थांबली. "मॅडम, एक सांगू? मले माहीत होतं, थे रजिस्टरच आहे म्हणून."

"काय?"

"दुसऱ्याच हप्त्यात. स्कॅन टाकायले मलेच टाइम लागत जाय. मी तुमाले विचारलं होतं, पूरा रजिस्टर कावून टाकायचा, आजचं पान टाकलं तं नाही चालत का?"

मला आठवेना. मग आठवलं. मी कोणाशी तरी फोनवर होते. "मी काय म्हनली तुले?"

"सांगतलं तेवढं कर, म्हनल्या."

"अगं, मग मंगळवारी तू माझ्या टेबलाजवळ आली, तेव्हा कावून नाही बोलली? नोकरी जाऊन राहिली होती तुझी!"

"तेव्हा बोलली असती तं तुमाले वाटलं असतं, आपली गलती दुसऱ्यावर ढकलते. एकदा सांगून पाह्यलं होतं ना."

"आणि आज? आज तं मीच बोलत होती नियम माझा म्हणून."

"आज तिथं माह्याकडून बोलणाऱ्या तुमीच एकल्या होत्या, मॅडम. तुमालेच कशी पाडू?" एवढं म्हणून ती खाली गेली. तिची सहाची बस होती.

वैद्य साहेबांना मी तीन दिवस शिव्या घालत होते, की त्यांनी पोरीला विचारलं नाही म्हणून. मला तर तिनं स्वतः येऊन सांगितलं होतं. साहेबांनी ग्राफ तरी पाहिला. मी मान वर करूनही पाहिलं नव्हतं, आणि दोन महिने सर्व्हरचं दुखणं शोधत फिरत होते. घरी जाऊन चहा केला तो तसाच गार झाला. एवढा राग मला नोकरीत कोणाचाच आला नव्हता, आणि या वेळी तो काढायला समोर केबिन नव्हती.

सोमवारी सकाळी मी खुर्ची घेऊन तिच्या टेबलाशी गेले. ऑफिस पाहत होतं, पाहू दे. म्हटलं, "रोशनी, आणखी काय काय चुकीचं चालू आहे इथं, सांग मले."

तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग खणातून एक वही काढली. अकरा गोष्टी लिहिलेल्या होत्या, नंबर घालून, आणि त्यातले सात नियम माझे होते.